वाक्य आणि सुविचार

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण वाचकांकडून आलेली 'सर्वांत सुंदर वाक्ये' पानभर छापलीत. एकंदर ४४ होती. मोजायची सवय आहे, म्हणून मोजली. त्यांतली १७ 'आयुष्य' या शब्दाने सुरू होतात, ११ वाक्यांत 'म्हणजे' आहे, आणि दोन वाक्ये तर शब्दशः एकच असून वेगवेगळ्या वाचकांच्या नावावर आहेत. पुनरुक्तीबद्दल मी तक्रार करत नाही, ती आपल्याकडच्या मुद्रितशोधकाने पाहायची गोष्ट. माझे म्हणणे वेगळे आहे. ही वाक्ये नव्हेत, हे सुविचार आहेत. फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी पुसायचे. सुविचाराचे शब्द कसेही फिरवा, त्याला ढिम्म काही होत नाही. 'आयुष्य म्हणजे संघर्ष', 'संघर्ष म्हणजेच आयुष्य', 'आयुष्य हा एक संघर्ष आहे'. तिन्ही छापा, वाचक तिन्हींना मान डोलावेल आणि पान उलटेल. ज्या वाक्यातला शब्द हलवून काहीच बिघडत नाही, ते वाक्य अजून लिहून झालेले नाही, असे मी धरून चालतो.

हे मत पुस्तकी नाही. ३८ वर्षे मी प्रुफे वाचली. पहिली काही वर्षे खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, छापखान्यात गेली, पुढची संगणकासमोर. नोकरीच्या पहिल्या दिवशी मुख्य कंपोझिटरने (खिळे जुळवणाऱ्याने) मला कामाचे स्वरूप चार शब्दांत सांगितले होते: "सरळ अक्षर बघत बस." पुढे कित्येक दिवसांनी माझ्या लक्षात आले, की या वाक्यात काना, मात्रा, वेलांटी, उकार काहीच नाही. मी त्यांना ते दाखवले, तर म्हणाले, "मग? जुळवायला सोपं पडतं." ते मुद्दाम बोलले होते की सहज, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

छापखान्यात वाक्याची ओळख पहिल्यांदा होते ती रिकाम्या जागेतून. खिळ्यांच्या काळात दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा शिशाची असे. तिला स्पेस म्हणत, आणि तीही खिळ्यासारखी उचलून बसवावी लागे. एका कादंबरीच्या हस्तलिखितात संवाद होता, घाईच्या अक्षरात, शब्द एकमेकांना चिकटलेले. कंपोझिटरने जुळवले, मी वाचले, दोघांनाही काही खटकले नाही: "मी नाही येणार," ती म्हणाली. पुढच्या पानावर सगळे गाडीत बसले, आणि त्यांच्यात मीना नावाची एक मुलगी अचानक बोलू लागली. ही कुठून उपटली म्हणून मागे जाऊन पाहिले. लेखकाने लिहिले होते, "मीनाही येणार." अक्षरे तीच, क्रम तोच. फक्त एक स्पेस जास्तीची पडली होती. ती काढताच नकाराचा होकार झाला, म्हणणारी बाई सोबत निघाली आणि गाडीत एक माणूस वाढले.

मोडीत हा प्रश्नच नव्हता, किंवा सगळा प्रश्नच होता म्हणा. आधी रेघ ओढायची आणि लेखणी न उचलता तिच्याखाली लिहीत सुटायचे. शब्दांमध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही. आज आपण वापरतो ती विरामचिन्हे मराठीत रुजली एकोणिसाव्या शतकात, छापखान्याबरोबर, आणि त्याचे बरेचसे श्रेय मेजर कँडी या इंग्रज गृहस्थाकडे जाते. त्याआधी वाक्य कुठे संपले हे चिन्ह पाहून कळत नसे. ते क्रियापदावरून कळे. मराठीत क्रियापद शेवटी येते याचा कंटाळा करणारे लोक मला भेटले आहेत. मला मात्र त्यात मौज वाटते. 'आपल्या म्हणण्याशी सर्वस्वी सहमत होण्यास मला काहीएक अडचण वाटण्याचे कारण' इथपर्यंत ऐकणाऱ्याचा चेहरा पाहावा. 'नाही' यायचे की 'आहे', हे अजून बोलणाऱ्याच्या हातात असते.

आता 'च'. माझ्या मते मराठी वाक्यात सर्वांत वजनदार अक्षर हेच. मीच त्यांना पत्र दिले. मी त्यांनाच पत्र दिले. मी त्यांना पत्रच दिले. मी त्यांना पत्र दिलेच. पहिल्यात बढाई आहे, दुसऱ्यात खुलासा. तिसऱ्यात पाकिटात पैसे नव्हते, आणि चौथ्यात कुणी तरी 'देऊ नकोस' म्हणून बजावले होते. आवाज चढवून जे करायचे ते हे एक अक्षर जागा बदलून करते.

या 'च'ने मला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले. एका दिवंगत गृहस्थांवरच्या स्मरणग्रंथाचे प्रूफ होते. त्यांच्या धाकट्या भावाच्या लेखात वाक्य होते: 'दादा शेवटपर्यंत माझ्याशी प्रेमानेच वागले.' जुळवताना 'च' गळला. मी समासात 'च' लिहिला आणि ओळीत हंसपद, म्हणजे गळलेले अक्षर कुठे घालायचे ती खूण, घातले, पण एका शब्दाअलीकडे. छापून आले: 'दादा शेवटपर्यंत माझ्याशीच प्रेमाने वागले.' ग्रंथ निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी उरलेली तीन भावंडे छापखान्याच्या दारात उभी. चूक कुणाची हे लपवण्यात अर्थ नव्हता, समासातली खूण माझ्या अक्षरात होती. शुद्धिपत्र चिकटवून दिले. शुद्धिपत्रातल्या वाक्याचे प्रूफ मालकांनी स्वतः वाचले.

तेव्हापासून मी वाक्य तपासायला एक खोड लावून घेतली आहे: शब्द हलवून पाहायचा. हे शब्दखेळ खेळणाऱ्यांकडून शिकलो, आणि त्यांच्याबद्दल थोडे लिहायला हवे, कारण आपल्या पानावरच्या ४४ वाक्यांपेक्षा त्यांची वाक्ये मला जास्त प्रामाणिक वाटतात. 'रामाला भाला मारा.' 'ती होडी जाडी होती.' 'टेप आणा आपटे.' उलटीकडून वाचा, तेच. एक अक्षर इकडचे तिकडे करून दाखवा! आपली विलोमवाक्ये अक्षरांवर चालतात, सुट्या ध्वनींवर नाही. काना-मात्रा घेऊन अक्षर सगळेच्या सगळे उलटीकडे जाते, म्हणून ती जमतात तरी. पण शुद्धलेखनाने त्यांची पंचाईत केली आहे. 'भाऊ तळ्यात ऊभा' हे लहानपणी सगळ्यांनी म्हटलेले. प्रुफात आले तर मला 'उभा' करावे लागते, आणि भाऊ बुडतो. 'चिमा काय कामाची' याचीही तीच गत. कानाला बिनचूक, कागदावर मात्र सुरुवातीला र्‍हस्व चि आणि शेवटी दीर्घ ची. १९६२च्या नियमांप्रमाणे मराठी शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा. अपवाद 'आणि' नि 'नि' यांचा. म्हणजे र्‍हस्व वेलांटीने सुरू होणाऱ्या विलोमवाक्याला परतीचे दार जवळजवळ बंदच. आणि 'समास' हा शब्द उलटसुलट सारखाच आहे, हे व्याकरण शिकवताना कुणी सांगत नाही. सांगितले असते तर मला समास लवकर आवडले असते.

पण या वाक्यांची मर्यादाही उघड आहे. होडी जाडी होती; बरे, मग? वाक्याची सगळी ताकद परत येण्यात खर्च झालेली. सुविचारात अर्थ भरपूर आणि शब्द ढिले, विलोमवाक्यात शब्द घट्ट आणि अर्थाला जागा नाही.

मधल्या वाटेवर एक खेळ आहे, तो मला या सगळ्यांत थोर वाटतो. मोरोपंतांनी जी १०८ रामायणे रचली म्हणतात, त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे. प, फ, ब, भ, म ही ओठ मिटल्याशिवाय न उमटणारी अक्षरे त्यात नाहीत. ही युक्ती जुनी आहे. दंडीच्या संस्कृत गद्यकथेत एका कुमाराचा ओठ प्रियेने चावलेला असतो, म्हणून तो आपली हकीकत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. (अडचणीला इतके सुंदर कारण दुसऱ्या कुणी दिल्याचे मला ठाऊक नाही.) फ्रेंचमध्ये जॉर्ज पेरेकने १९६९ साली 'ई' हे त्या भाषेत सर्वाधिक लागणारे अक्षर वगळून सबंध कादंबरी लिहिली. निवृत्तीनंतर एका संध्याकाळी मीही प्रयत्न केला. तासाभराने एक वाक्य हाताला लागले:

'रात्र सरली, कंटाळा आला, तरी हातातले लेखन तसेच आहे.'

जुने वैयाकरण उ, ऊ यांनाही ओष्ठ्य म्हणतात आणि 'व'ला दंतोष्ठ्य. तेही यात नाहीत, पाहून घ्या. पण वाक्यापेक्षा मोठी गोष्ट त्या तासात सापडली. मला 'मी' लिहिता येईना. मी, मला, माझे, आम्ही, आम्हाला, आमचे, सगळीकडे 'म'. 'आपण' म्हणावे तर 'प'. तो, ती, ते खुशाल येतात, 'आई' येते, 'बाबा' येत नाहीत. मराठीत ओठ मिटायचे नाहीत असे ठरवले, की बोलणारा स्वतःच वाक्यातून नाहीसा होतो! मोरोपंतांचे ठीक होते, त्यांना रामाची गोष्ट सांगायची होती. त्यातही नायकाच्या नावातच 'म', तेव्हा त्याला राघव वगैरे म्हणत निभावावे लागणार. मला साधे 'मला कंटाळा आला' म्हणता येत नव्हते. कंटाळा आला, पण कुणाला, ते वाक्यात कुठेच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे काम पडेल.

आता माझे वाक्य. आपण मागितले होते १५ शब्दांपर्यंत. माझे त्यात बसते, पण ते नवे नाही. पानिपतानंतर, १७६१ साली, नानासाहेब पेशव्यांच्या हाती लागला असे सांगतात तो सावकारी निरोप: 'दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही.' पाठभेद आहेत; मी जसा ऐकला तसा लिहितो. शाळेत तो इतक्यांदा कानावर येतो, की आपण त्याला सांकेतिक मजकूर म्हणून सोडवतो आणि मोकळे होतो: मोत्ये म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे बाकी फौज. कोडे सुटले. वाक्य मात्र वाचायचे राहते.

ते प्रूफ वाचल्यासारखे वाचा. किंमत पायरीपायरीने उतरत जाते: मोती, मोहर, रुपया, खुर्दा. संख्या त्याच पायऱ्यांनी चढत जाते: दोन, सत्तावीस, गणती नाही. म्हणजे एकाच ओळीत दोन जिने आहेत, एक खाली जाणारा, एक वर. आणि तीन क्रियापदे. मोती गळते, ओघळून गेल्यासारखे. मोहर हरवते, म्हणजे कुठे तरी असेलही. रुपये-खुर्दा नुसता जातो; त्याला याहून वेगळे क्रियापद देण्याइतकी सवड लिहिणाऱ्याला नाही, आणि त्या तिसऱ्या क्रियापदातच सर्वांत जास्त माणसे मेलेली आहेत. मृत्यू हा शब्द नाही, रण नाही, एकही नाव नाही. स्वल्पविराम मी घातले आहेत. ते काढा, तरी वाक्य तीन ठिकाणी आपोआप थांबते, कारण क्रियापदे त्या जागी उभी आहेत.

आता शब्द हलवून पाहू. 'रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि दोन मोत्ये गळाली.' वक्त्याला हे जास्त आवडेल. आवाज चढवत न्यायचा आणि मोत्यांवर येऊन थांबायचे, टाळ्या नक्की. पण मग ते सावकाराचे राहत नाही. सावकार मोठी रक्कम आधी मांडतो आणि किरकोळ शेवटी. ज्याला लिहिताना हात थरथरत असेल त्याने धंद्याची शिस्त धरून ठेवली आहे, हे क्रमावरून कळते. आणि त्या शिस्तीचे शेवटी काय होते? हिशेबाचा माणूस हिशेबाच्या शेवटच्या ओळीत लिहितो, की गणती नाही. म्हणून शेवटचा शब्द 'नाही' हाच हवा.

हे वाक्य घरात भिंतीवर टांगता येणार नाही. त्यातून काही शिकायला मिळत नाही. कुणी, कुणाला, केव्हा लिहिले हे काढून टाकले, तर तो कुणाच्या तरी हरवलेल्या पुडीचा तपशील उरतो. सुविचाराला मालक नसला तरी चालते. या वाक्याला तो सावकार लागतो.

दुसरे एक वाक्य पाठवतो, ते तर आपल्या मर्यादेत अगदीच बसते, कारण त्यात दोनच शब्द आहेत. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेले: 'श्रीचावुंडराजें करवियलें.' मराठीतले पहिले वाक्य म्हणून आपण ते पाठ केले, आणि मग अक्षीचा शिलालेख आणखी जुना की नाही याचे वाद वाचले. पहिलेपणाचे जे असेल ते असो. मला त्यातले क्रियापद आवडते. सुमारे १७ मीटर उंचीची, एकाच खडकातून कोरलेली मूर्ती वर उभी आहे. खाली कोरायला ज्याने सांगितले त्याच्या हातात सगळे होते, 'केलें' असे लिहवून घेतले असते तर कोण विचारणार होते? पण लिहिले 'करवियलें'. करवून घेतले. शिल्पकाराचे नाव तिथे नाही हे खरे, पण व्याकरणाने त्याला जागा ठेवली आहे. प्रयोजक क्रियापद आहे, म्हणजे हात दुसऱ्या कुणाचे तरी होते याची कबुली आहे. त्या अनुस्वारांपैकी 'राजें'वरचा तृतीयेचा, कुणी करवले ते सांगणारा. १९६२ नंतर असे अनुस्वार आम्ही हजारोंनी खोडले, नियमच तसा होता. इथला खोडायला मात्र माझा हात उचलला नसता.

आता आपल्याच अंकाकडे येतो. ज्या दिवशी ते ४४ सुविचार छापून आले, त्याच दिवशी पहिल्या पानावर मला 'करण्यात आले', 'करण्यात आली', 'करण्यात येणार आहे' मिळून २३ वेळा सापडले. झाडे तोडण्यात आली. चौकशी करण्यात येणार आहे. दिलगिरी व्यक्त करण्यात आली. कुणी तोडली, कोण करणार, कुणाला वाईट वाटले, याचा पत्ता नाही. चावुंडराजाच्या वाक्यात कर्ता तृतीयेत का होईना, हजर आहे. आपल्या बातमीत तो शिलालेखातल्या शिल्पकाराइतकाही उरलेला नाही.

आणि एक गंमत. 'करण्यात आले' हे सावकाश, मोठ्याने म्हणून पाहा. क, र, ण्या, त, आ, ले. ओठाला ओठ लागत नाही. मोरोपंतांना एवढी खटपट करावी लागली ते सरकारी पत्रकांना आणि आपल्या वार्ताहरांना रोज, नकळत, साधते. 'मी केले' म्हणायचे झाले, तर पहिल्याच अक्षराला ओठ मिटावे लागतात.

पुढच्या रविवारी असेच पान काढणार असाल, तर वाचकांना एवढेच विचारा: तुमच्या घरी आलेल्या एखाद्या जुन्या पत्रातले, चिठ्ठीतले, वहीच्या मागच्या पानावरचे एक वाक्य पाठवा, आणि ते कुणी, कधी लिहिले तेही. 'आयुष्य' या शब्दाने सुरू होणारी फार येणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. वाक्ये घाईने तपासू नका. कुणाच्या 'च'ची जागा चुकली असे वाटले, तर लिहिणाऱ्याला विचारून मगच हलवा.

कळावे,

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक

ता. क. वर मी 'लिहीत सुटायचे' असे लिहिले आहे. त्यातली दुसरी वेलांटी दीर्घच आहे. आपल्याकडे ती र्‍हस्व करण्यात येते, असे गेल्या काही अंकांत पाहिले.